उल्हास-वैतरणेच्या पाण्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरजवळ उल्हास नदीला जे वाहते पाणी दिसते, त्यातले बरेचसे निसर्गाने या नदीला दिलेले नाही. ते मावळातल्या आंध्रा नदीचे आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. ठोकळवाडीला धरण बांधून टाटांच्या वीज कंपनीने शंभर वर्षांपूर्वी हे पाणी घाटाच्या पश्चिमेला वळवले. कर्जतजवळ भिवपुरीच्या वीजगृहात १९२२ पासून त्यावर वीज तयार होते आणि उरलेले अवजल उल्हासात सोडले जाते. ही योजना मुंबईला वीज देण्यासाठी आखली होती. आज त्याच अवजलावर बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली, ठाणे, भिवंडी ही शहरे आपला उन्हाळा काढतात. भीमा खोऱ्यातले शेतकरी आणि शहरे हे पाणी पूर्वेला परत सोडा म्हणून मागणी करतात, आणि त्यांची मागणी निराधार नाही. तिथेही तहान आहे, आणि पाणी मुळात तिकडचे आहे.

हा एक धागा ओढला की मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्याचे सगळे वस्त्र हलते. या पुस्तकाचा विषय तोच आहे: पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उल्हास आणि वैतरणा या दोन खोऱ्यांतल्या, त्यांच्या अवतीभवतीच्या माणसांना पाणी कोठून, कोणाच्या वाट्यातून आणि कोणत्या न्यायाने मिळणार? प्रत्येक नगरपालिकेकडे आणि महापालिकेकडे याचे स्वतःपुरते उत्तर तयार आहे. संपूर्ण प्रदेशाचे म्हणून एक उत्तर मात्र आजवर कोणी बांधील होऊन दिलेले नाही. प्रदेशाचे नियोजन खोरे धरून झाले पाहिजे आणि धरणाच्या पायथ्याशी, काठाशी राहणाऱ्या गावाचा हक्क त्यात सर्वांत आधी लिहिला गेला पाहिजे, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. पुढच्या पानांवरचे लेखक या मताशी सर्वस्वी सहमत असतीलच असे नाही.

मुंबईचा इतिहास आधी पाहिला पाहिजे, कारण प्रदेशाची सगळी सवय तिथून लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते. १८५४ च्या टंचाईत आगगाडीने आणि होड्यांनी पाणी आणावे लागले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीवर विहार तलाव बांधला गेला. १८६० मध्ये तो पूर्ण झाला आणि शहरात नळ आले. दहा वर्षांच्या आतच तो अपुरा पडला. मग १८७९ मध्ये तुळशी. मग कॅप्टन हेक्टर टुलक यांनी साष्टीच्या पलीकडे नजर टाकून सुचवलेले तानसा, ते १८९२ मध्ये सुरू झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण झाले. त्यासाठी झटलेले नगर अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव त्या जलाशयाला मिळाले. १९७३ मध्ये नाशिक जिल्ह्यातले अप्पर वैतरणा, ऐंशीच्या दशकापासून भातसा, आणि २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा.

या मालिकेतल्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तानसा आणि वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटर केवळ उताराने शहरात येते, त्याला वीज लागत नाही. पुढच्या पिढीचा विचार करून आखणी करण्याची शिस्त या शहराने दीडशे वर्षे पाळली, ही भारतातल्या फार थोड्या शहरांबद्दल म्हणता येईल अशी गोष्ट आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९९४ मध्ये २०२१ पर्यंतच्या गरजेचा हिशेब मांडला आणि मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ असा क्रम सुचवला. त्यातले पहिले धरण पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली. गारगाई मध्यंतरी बाजूला ठेवले गेले, पुन्हा हाती घेतले गेले. पिंजाळ अजून कागदावर आहे.

पण या शिस्तीत एक मोठी उणीव पहिल्यापासून राहिली. शहराची लोकसंख्या, दरडोई लिटर, जलाशयाची क्षमता, जलवाहिनीचा व्यास, हे सगळे मोजले गेले. ज्या दरीत पाणी अडणार तिथे कोण राहते आणि पन्नास वर्षांनी ते काय पिणार, हे त्या हिशेबात नव्हते. तानसाच्या काळात वसाहतीच्या सरकारकडून तशी अपेक्षा कोणी केली नसती. स्वातंत्र्यानंतर ती करायला हवी होती. त्याच सह्याद्रीत १९२१ पासून मुळशीचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते आणि सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात जात होते. बुडणाऱ्या गावाचा प्रश्न महाराष्ट्राला माहीत नव्हता असे म्हणायला जागाच नाही.

शहापूर तालुका हा या उणिवेचा उघडा पुरावा आहे. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा ही चारही धरणे या तालुक्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. मुंबईच्या सात तलावांची एकूण उपयुक्त क्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. याच तालुक्यातल्या गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतात. बायका रात्री विहिरीच्या तळाशी पाझर साठण्याची वाट पाहत बसतात. शेजारच्या मोखाडा-जव्हारमध्येही हेच.

याचे कारण पाऊस कमी पडतो हे नाही. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला तो आकडा ऐकूनच आश्चर्य वाटेल. पण खाली कातळ आहे. बेसॉल्टवरचा मातीचा आणि मुरमाचा थर पातळ, उतार तीव्र, त्यामुळे पाणी मुरायला जागाही नाही आणि वेळही नाही. पावसाळ्यात ओसंडणाऱ्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवतात. जंगल तुटले तिथे झरे लवकर आटले. धरणातले पाणी मात्र खाली, दरीत असते, आणि वस्ती वर, माळावर. समुद्रसपाटीवरच्या शहराला ते पाणी उताराने मिळते. धरण डोळ्यांसमोर असलेल्या पाड्याला ते उपसावे लागते. त्याला पंप हवा, वीज हवी, बिल भरणारी ग्रामपंचायत हवी, बिघाड झाल्यावर त्याच आठवड्यात येणारा माणूस हवा. ग्रामीण भागातल्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचा अनुभव आपल्यासमोर आहे. एका उद्भवावर वीस-पंचवीस गावे जोडायची, पहिल्या चार गावांना पाणी मिळायचे, शेवटच्या गावांचे नळ कोरडे राहायचे, त्या गावांनी पट्टी भरणे थांबवायचे, वीजबिल थकायचे आणि एक दिवस सगळी योजनाच बंद पडायची. हे अपयश गावकऱ्यांच्या माथी मारले जाते. दोष आखणीचा आहे: मुंबईच्या जलवाहिनीच्या देखभालीचा खर्च संपूर्ण शहर वाटून घेते, आणि डोंगरावरच्या पाड्याला मात्र आपल्या योजनेचा खर्च एकट्याने पेलायला सांगितले जाते.

आकड्यांतही हा भेद कोरलेला आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. शहरांसाठी १३५ आणि महानगरांसाठी १५० लिटर. आणि शहराच्या आत तरी ते सर्वांना मिळते का? मुंबईत उंच इमारतीत राहणाऱ्याला मिळते. अनधिकृत ठरवलेल्या वस्तीतल्या माणसाला वर्षानुवर्षे नळजोडणीच नाकारली गेली, आणि त्याने टँकरवाल्याकडून, शेजारच्या जोडणीवरून, कितीतरी पट जास्त पैसे देऊन पाणी विकत घेतले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर अधिकृत नाही म्हणून तो नाकारता येत नाही. या निकालाला मी प्रदेशाच्या पाणी नियोजनातला मैलाचा दगड मानतो. त्यातले तत्त्व झोपडपट्टीपुरते राहू नये, ते शहापूरच्या पाड्यालाही लागू व्हावे.

आता मुंबईबाहेरचा प्रदेश. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती आणि तिची वाढ मंदावली होती. वाढ सरकली होती ठाणे, कल्याण, वसई-विरार, पनवेलकडे. आज या प्रदेशात नऊ महापालिका आहेत आणि पाण्याच्या बाबतीत त्या नऊ दिशांना तोंड करून उभ्या आहेत. मुंबईकडे स्वतःची धरणे आहेत. नवी मुंबईने खालापूरजवळचे मोरबे धरण विकत घेतले आणि ती बऱ्यापैकी निर्धास्त झाली. बाकीच्या शहरांना एकमेकांच्या आणि इतर यंत्रणांच्या तोंडाकडे पाहावे लागते. बारवी धरण एमआयडीसीचे. त्याचे पाणी उल्हासात सोडून जांभूळला उचलले जाते. शहाड-टेमघर योजना म्हणजे 'स्टेम' ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाणी देते. बदलापूरला जीवन प्राधिकरण पुरवठा करते, पेणचे हेटवणे सिडकोच्या वसाहतींना. भातसाचे धरण राज्य सरकारचे. सगळेच जण जवळपास त्याच दोन-तीन नद्यांत पंप टाकून बसलेले आहेत. उल्हासची पातळी घसरली की पाटबंधारे खाते कपातीचे वेळापत्रक काढते, आणि आठवड्यातून एक दिवस कोणाचा नळ बंद ठेवायचा यावर शहरांत कुरबुर सुरू होते. त्याच नदीत वरच्या शहरांचे सांडपाणी उतरते. उन्हाळ्यात मोहन्याजवळ पसरणारी जलपर्णी त्याचीच खूण आहे. खालच्या शहराने वरच्या शहराचे सांडपाणी गाळून प्यायचे, ही या प्रदेशाची आजची व्यवस्था आहे.

वसईची कथा या सगळ्यात वेगळी सांगावी लागते. नव्वदच्या दशकात तिथल्या बागायतीतल्या विहिरींतून रोज टँकर भरून शहरी इमारतींना पाणी विकले जाऊ लागले. किनाऱ्याजवळ भूजल असे उपसले की समुद्राचे खारे पाणी आत शिरते, आणि एकदा गोड विहीर खारी झाली की ती परत गोड व्हायला पिढ्या जातात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने या उपशाविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले. नंतर वसई-विरारला सूर्या नदीचे पाणी आले आणि विहिरींवरचा भार थोडा हलका झाला. पण सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे कशासाठी बांधली होती? डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी, ज्यात मोठा वाटा आदिवासी शेतकऱ्यांचा आहे. आता एमएमआरडीएची रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना तिथून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला पाणी नेते. वसईतल्या नळाला पाणी यावे हे मला मनापासून हवे आहे. कालव्याच्या टोकाला दुसरे पीक घेण्याची वाट पाहत असलेल्या शेतकऱ्याचे पाणी त्याला न विचारता वळवले जाऊ नये, हेही तितकेच हवे आहे. या दोन गोष्टींची सांगड घालणे हेच तर प्रादेशिक नियोजनाचे काम. ते काम एका समितीच्या बंद दाराआडच्या पाणी आरक्षणावर सोपवले गेले, त्यामुळे दोन्हीकडे अविश्वास वाढला.

नव्या धरणांची यादी लांब आहे. गारगाई, पिंजाळ, दमणगंगा-पिंजाळ जोड, काळू, शाई, बाळगंगा, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली कर्जत तालुक्यातली पोशीर आणि शिलार. मुरबाडच्या काळू धरणाचे काम २०११ मध्ये वन खात्याची मंजुरी नसताना सुरू झाले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. गारगाईच्या बुडीत क्षेत्रात तानसा अभयारण्याचे जंगल आणि ओगद्यासारखी आदिवासी गावे येतात. मी धरणविरोधी नाही. चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढायचे तर साठवण लागतेच, आणि मुंबईच्या तलावांत पूर्ण भरल्यावर जेमतेम एका वर्षाचे पाणी मावते. एका पावसाळ्याने ओढ दिली की २००९ सारखी कपात करावी लागते. हवामान बदलामुळे जून कोरडा जाणे आणि मग आठवडाभरात महिन्याचा पाऊस कोसळणे हे वारंवार घडू लागले, तर साठवणीचा प्रश्न आणखी गंभीर होईल.

तरीही पुढचे धरण कधी, हा प्रश्न आधी विचारायचा नाही. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि बेहिशेबी वापरात जातो. चौथा हिस्सा धरला तरी तो ९०० दशलक्ष लिटरच्या वर जातो. गारगाई धरणातून मिळायचे आहेत ४४० दशलक्ष लिटर. बेहिशेबी म्हटलेले सगळे पाणी वाया जात नाही, त्यातले काही नाकारलेल्या वस्त्यांतली माणसेच पितात, हे खरे आहे. पण मग त्यांना रीतसर जोडणी द्या, मीटर बसवा, जुन्या ओतीव लोखंडी वाहिन्या बदला, म्हणजे खरी गळती किती ते कळेल. या कामाला उद्घाटनाचा सोहळा नसतो, म्हणून ते मागे पडते.

सांडपाण्याचा साठा तर कोणी धरणात मोजतच नाही. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशा सात ठिकाणी मिळून २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. त्या पाण्याचा अर्धा भाग जरी कारखाने, बांधकामे, उद्याने, रेल्वेच्या धुलाईला दिला तर तेवढे पिण्याचे पाणी मोकळे होईल. नवी मुंबईने कोपरखैरणे आणि ऐरोलीचे शुद्ध केलेले पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देण्याची व्यवस्था केली आहे. असे करता येते याचा तो पुरावा आहे. मनोरीच्या समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प त्यानंतर यायला हवा. त्याला लागणारी वीज पाहता तो संकटकाळची तरतूद म्हणून योग्य आहे, रोजची सवय म्हणून नाही.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोरेनिहाय आराखड्यांतून राज्याचा एकात्मिक जल आराखडा करणे बंधनकारक केले. तो हाती यायला दशकाहून जास्त काळ गेला. महानगर प्रदेशाचा २०३६ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. पण एक आराखडा पाणी पाहतो, दुसरा जमीन. कोणत्या गावात किती मजले चढतील हे जमिनीचा आराखडा ठरवतो, आणि घोडबंदर रस्त्यावरची किंवा उलव्यातली संकुले पुरेसे पाणी पोहोचण्याच्या आधीच भरतात, मग टँकरवर जगतात. हे दोन आराखडे एका टेबलावर, एकाच सहीने मंजूर झाले पाहिजेत. बांधकामाची परवानगी पाण्याच्या खऱ्या उपलब्धतेला बांधली गेली पाहिजे.

बारवी धरणाची उंची वाढवताना एक चांगली गोष्ट झाली. २०१९ मध्ये वाढीव पाणीसाठा होण्यापूर्वी विस्थापित कुटुंबांतल्या माणसांना, त्या पाण्याचा लाभ घेणाऱ्या महापालिकांत आणि एमआयडीसीत नोकऱ्या देण्याचे ठरले. त्या मिळवायला लोकांना फार वर्षे झगडावे लागले, आणि अंमलबजावणीत अडथळेही आले. पण पाणी पिणाऱ्या शहराने पाणी देणाऱ्या गावाची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व व्यवहारात उतरले. पुढच्या प्रत्येक योजनेत ते करारात लिहिलेले असावे, आंदोलनानंतर मिळालेली सवलत म्हणून नाही.

या पुस्तकातले लेख अभियंत्यांचे आहेत, भूजलतज्ज्ञांचे आहेत, कार्यकर्त्यांचे आहेत आणि ग्रामपंचायतीत काम केलेल्या बायकांचेही आहेत. वाचकाला मी सुचवेन की शेवटचा भाग आधी वाचावा. पाड्यावरच्या पाण्याचा अनुभव डोक्यात ठेवून मग क्षमतेचे आणि मागणीचे तक्ते पाहिले तर ते वेगळे दिसतात.

आणि जे वाचक या प्रदेशात राहतात, त्यांना एक विनंती. आपल्या महापालिकेकडे, नगरपरिषदेकडे, आमदाराकडे एकच गोष्ट मागा: उल्हास आणि वैतरणा खोऱ्यांचा वर्षाचा ताळेबंद, कोणी किती पाणी उचलले, किती गळाले, किती सांडपाणी शुद्ध करून परत वापरले आणि धरणाकाठच्या कोणत्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर गेला, दर १५ ऑक्टोबरला, तलाव भरल्यावर, मराठीत छापून ग्रामसभांत आणि प्रभागसभांत वाचला जावा. गारगाईचा पहिला सुरुंग लागण्याआधी शहापूर, वाडा आणि मोखाड्यातल्या धरणाकाठच्या प्रत्येक पाड्याला बारमाही नळ मिळाला पाहिजे, आणि त्याच्या वीजबिलाचा भार मुंबईने उचलला पाहिजे.